हिस्केचं शिळं पान

विआर्दांची हिस्के गावात परत आली ती बापाचं हाड जुळेपर्यंतच राहायचं म्हणून. विब्रेन गोठ्यातल्या शिडीवरून पडला होता, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि घरात त्याला उठवायला-बसवायला दुसरं कोणी नव्हतं. हिस्केची आई कधीच गेलेली. हाड जुळलं, पण तोवर विब्रेनचे हात थरथरायला लागले होते. लीवार्डेनच्या डॉक्टरांनी त्या थरथरीला एक नाव दिलं. ते ऐकून हिस्के दवाखान्याबाहेर येऊन गाडीत बसली. मग तिने उट्रेख्ट शहरातली आपली भाड्याची खोली फोनवरूनच सोडून दिली.

मी गेस्के. होर्नसील गावचा हॉल मी चालवते. लग्नाचं जेवण, मयतीनंतरची कॉफी, पत्त्यांचे डाव, सभा, सगळं माझ्याच खुर्च्यांवर होतं. हिस्के सकाळी विब्रेनला चाकाच्या खुर्चीत बसवून हॉलवर घेऊन यायची, कारण त्यांच्या घरात इंटरनेट रडतखडत चालायचं आणि माझ्याकडे ते बरं होतं. बाप खिडकीशी बसून कालव्यावरच्या होड्या बघायचा आणि ती कोपऱ्यातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायची. लोकांच्या वेबसाइट बनवून द्यायच्या, हा तिचा धंदा.

वेबसाइटला जोडायचा एक प्रोग्रॅम, ज्याला प्लगइन म्हणतात, तोही तिने माझ्याच टेबलावर बनवला, आणि बनवला तो टिटवीच्या अंड्यापायी. आमच्याकडे मार्चमध्ये पहिलं अंडं कोणाला दिसतं यावरून सगळा प्रांत वेडा होतो. पूर्वी अंडं उचलायचे. आता नुसतं बघायचं आणि घरटं सांभाळायचं, पण पहिलेपणाची ऐट तीच आहे. आमच्या पक्षी मंडळाची वेबसाइट होती, आणि अंड्याची बातमी आली की सगळे एकदम तिथे तुटून पडायचे आणि वेबसाइट धाप लागल्यासारखी बंद पडायची. मंडळाचे लोक हिस्केकडे आले. तिने दोन-चार आठवडे खटपट केली आणि एक छोटासा प्रोग्रॅम त्या वेबसाइटला जोडला. पुढच्या मार्चमध्ये अंडं सापडलं, अख्खा प्रांत धावून आला, आणि वेबसाइट हूं की चूं न करता चालली.

तिने त्याला नाव दिलं 'गाउ'. आमच्या फ्रिशियन बोलीत गाउ म्हणजे लवकर. मग तिने तो कोणालाही फुकट घेता येईल असा इंटरनेटवर ठेवून दिला. "मला काय, बनवून झालाच आहे," म्हणाली.

तिथेच ती अडकली.

आधी शेजारच्या गावांनी घेतला. मग शाळांनी, दुकानांनी, दंतवैद्यांनी. मग कुठल्या कुठल्या देशांतले लोक घ्यायला लागले. आणि घेतलेल्यांचं काही बिघडलं की ते हिस्केला लिहायचे. सकाळी ती विब्रेनला लापशी भरवत असायची, एका हातात चमचा, दुसऱ्या हातात फोन. कोणी लिहायचं, तुमच्यामुळे माझं दुकान उघडत नाही. कोणी लिहायचं, तुम्हाला लाज कशी वाटत नाही. ती प्रत्येकाला उत्तर द्यायची. मी म्हणायचे, "अगं, फुकट दिलंयस ना? मग जाऊ दे की बोंबलत." ती म्हणायची, "गेस्के, त्या माणसाचं दुकान खरंच बंद आहे."

एकदा मी तिला जबरदस्तीने तेर्सखेलिंग बेटावर पाठवलं. विब्रेनला मी सांभाळणार होते. पण या वेबसाइट ज्या मोठ्या प्रोग्रॅमवर चालतात, त्याच्या मालकांनी नेमका त्याच दिवशी काहीतरी बदल केला. फेरीबोट बेटाला लागली तेव्हा हिस्केच्या फोनवर तक्रारींचा पाऊस पडत होता. ती त्याच बोटीने परत आली. किनाऱ्यावर पायसुद्धा ठेवला नाही. मी तिला विचारलं, "वैतागली नाहीस?" ती म्हणाली, "वैतागून काय करू?" आणि लॅपटॉप उघडला.

मग तो फेब्रुवारी आला, ज्या फेब्रुवारीत बर्फ धरला.

आमच्याकडे हल्ली कालवे गोठतील असा हिवाळा क्वचित येतो. आला की माणसं कामं टाकून देतात. आमचा बर्फ क्लब कालव्यावरचा आणि पुढे तळ्यावरचा स्केटिंगचा मार्ग झाडून ठेवतो. बर्फाची जाडी मोजायची, धोक्याच्या जागा बघायच्या, आणि मार्ग खुला की बंद ते ठरवायचं, हे काम श्येर्पचं. तो आमचा बर्फप्रमुख. सहा फुटांचा, कमी बोलणारा. श्येर्पचा निर्णय झाला, की क्लबचे चिटणीस ऊट्स मास्तर तो वेबसाइटवर लावायचे. मास्तरांनी गावातल्या निम्म्या लोकांना पाढे शिकवलेत. वेबसाइटच्या वरच एक पाटी होती. हिरवी म्हणजे मार्ग खुला, लाल म्हणजे बंद. मास्तर फोनवरून तिचा रंग बदलायचे.

ती वेबसाइट हिस्केनेच क्लबला करून दिली होती. अर्थातच तिच्यात गाउ होता.

चार दिवस सगळा गाव बर्फावर होता. मी कालव्याच्या काठावर टपरी टाकून वाटाण्याचं घट्ट सूप विकत होते. विब्रेनलाही हिस्केने खुर्चीसकट बर्फावर ढकलत फिरवलं, आणि म्हातारा इतका हसला की त्याची टोपी पडली. पाचव्या दिवशी हवा बदलली. पाऊस येणार म्हणून पाणी खात्याने पंपघर सुरू केलं. पंप पाणी ओढायला लागला की खालची पातळी उतरते आणि वरचा बर्फ पोकळ राहतो. श्येर्पने सकाळीच पुलाखाली जाऊन काठी आपटली, आवाज ऐकला, आणि मास्तरांना फोन केला. "मास्तर, बंद करा." मास्तरांनी तिथल्या तिथे पाटी लाल केली. श्येर्प बर्फावर उतरायच्या जागा फीत बांधून अडवायला निघाला.

पलीकडच्या वस्तीवर येल्मर राहतो. दुधाचा टँकर चालवायचा, शेतांवरून दूध गोळा करायचा. त्याच्या घरामागच्या चराने थेट कालव्यावर उतरता येतं, गावातून यावंच लागत नाही. त्याची सुट्टी होती. त्याने स्वयंपाकघरात फोन उघडला, पाटी बघितली, हिरवी. बायकोला, निन्केला, म्हणाला, "खुला आहे, एक फेरी मारून येतो." आणि पुलाखाली बर्फ फुटून तो आत गेला.

जिथून आत पडला ते भोक त्याला खालून सापडेना. अंगावर जाड कपडे, बुटांना स्केटिंगची पाती, आणि डोक्यावर काच लावल्यासारखा बर्फ. उजेड दिसत होता पण वाट दिसत नव्हती, असं त्याने नंतर सांगितलं. त्याने खालून मुठी आपटल्या. श्येर्प फिरत-फिरत त्याच वेळी पुलाशी पोचला होता. त्याने बर्फाखाली काहीतरी गडद हलताना पाहिलं. तो शिडी टाकून पोटावर सरकत गेला, लोखंडी पहार घालून बर्फ फोडला आणि येल्मरला गळपट्टीला धरून ओढलं. तोवर मी आणि आणखी दोघं धावलो होतो. येल्मरचा चेहरा निळा पडला होता. तो जगला. पण बोटांतली संवेदना गेली, ती बरीचशी परत आलीच नाही.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने पहिली गोष्ट सांगितली ती ही, की पाटी हिरवी होती.

मग मास्तरांवर आभाळ कोसळलं. ते म्हणत होते, "मी लाल केली. मी लाल बघितली, या डोळ्यांनी." आणि येल्मर म्हणत होता हिरवी. दोघांतला एक बर्फाखालून आला होता, त्यामुळे गावाने कोणावर विश्वास ठेवला ते सांगायला नको. बेकरीत मास्तर आत आले की बोलणी थांबायची. कोणीतरी म्हणालं, वय झालं की माणसाला केल्यासारखं वाटतं, केलेलं नसतं. मास्तरांच्या कानावर ते गेलं. पुढच्या आठवड्यात सभा होती, तोवर मास्तर घराबाहेर पडले नाहीत.

सभेला माझ्या खुर्च्या पुरल्या नाहीत. श्येर्प अध्यक्षाच्या जागी बसला होता, आणि माणसं वाचवणं त्याला जितकं जमतं तितकी सभा जमत नाही. येल्मर आला होता, दोन्ही हातांना पट्ट्या, शेजारी निन्के. मास्तर उभे राहिले आणि पुन्हा तेच म्हणाले, "मी पाटी लाल केली होती."

मागून कोणीतरी बोललं, "मास्तर, गणितात एवढी चूक आम्ही केली असती तर छडी बसली असती."

थोडे हसले.

हिस्के माझ्या शेजारी उभी होती, कॉफीच्या यंत्रापाशी. तिने कप खाली ठेवला. "मास्तर खरं बोलतायत," ती म्हणाली. "त्यांनी पाटी लाल केली होती. येल्मरही खरं बोलतोय. त्याला हिरवी दिसली. चूक माझ्या प्लगइनची आहे."

सगळ्या माना वळल्या. श्येर्प म्हणाला, "कशाची?"

"गाउची. वेबसाइटला वेग यावा म्हणून मी जे जोडलंय त्याची. कॅश वेळेवर रिकामी झाली नाही."

"कॅश?" कोणीतरी ओरडलं. "क्लबात कॅश होतीच कुठे?"

आता बरेच हसले. हिस्के लाल झाली. मग ती भराभर बोलायला लागली, एकापुढे एक अवघड शब्द, आणि शब्दागणिक लोकांचे चेहरे बंद होत गेले. शेवटी येल्मरने पट्टी बांधलेला हात वर केला.

"हिस्के," तो म्हणाला, "मला ते शब्द नकोत. मी स्वयंपाकघरात उभा होतो. मी फोनवर बोट टेकवलं. तिथून पुढे काय झालं ते सांग. पहिल्यापासून सांग. मला कळलं पाहिजे."

ती थांबली. तिने खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली, हॉलमध्ये दुसरं कोणी नसल्यासारखी.

"तू वेबसाइटचं पान मागितलंस," ती म्हणाली. "ते पान कुठेही तयार पडलेलं नसतं. दूर एका कॉम्प्युटरवर त्याचे तुकडे असतात. मथळा एकीकडे, बातम्या दुसरीकडे, फोटो तिसरीकडे, पाटीचा रंग आणखी कुठे. कोणी पान मागितलं की तो कॉम्प्युटर ते सगळे तुकडे शोधतो, जुळवतो, पान बनवतो आणि पाठवतो. पुढच्याने मागितलं की पुन्हा पहिल्यापासून. एकाच वेळी शेकडो लोकांनी मागितलं की त्याला झेपत नाही. बर्फ धरला की तेच होतं."

"बरं."

"गाउ काय करतो, तर पान एकदा बनलं की त्याची एक प्रत काढून ठेवतो. त्या साठ्यालाच मी मघाशी कॅश म्हणाले. पुढच्या माणसाला तीच प्रत. त्याच्या पुढच्याला तीच. जुळवाजुळव करायलाच नको. आणखीही करतो. फोटो दाबून हलके करतो. पानाच्या तळाशी जे असतं ते तू खाली सरकवेपर्यंत पाठवत नाही. पण मुख्य काम हेच. तयार प्रत देणं."

बेकरीवाली म्हणाली, "म्हणजे शिळं?"

हिस्केने तिच्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "शिळं. बहुतेक पानांना ते चालतं. क्लबचा इतिहास कालचा काय आणि आजचा काय. आणि पानात कोणी बदल केला की गाउला ते कळतं, तो जुनी प्रत फेकून देतो आणि नवी काढतो."

"मग मास्तरांनी बदल केला ते का नाही कळलं?" येल्मरने विचारलं.

"कारण पाटी पानात नव्हती. मास्तरांना फोनवरून बदलता यावी म्हणून मी ती वेगळ्या जागी ठेवली होती. गाउ पानावर लक्ष ठेवून होता. पाटीवरही ठेव असं मी त्याला सांगितलंच नव्हतं. आधीचे चार दिवस मास्तर पाटी बदलताना एक बातमीही लिहायचे, आजचा बर्फ असा-असा आहे म्हणून. बातमी आली की प्रत फेकली जायची, त्यामुळे पाटीही ताजी दिसायची. त्या सकाळी त्यांनी घाईत फक्त पाटी बदलली. तुला दिसली ती आदल्या दिवशीची प्रत."

"आणि मास्तरांना लाल कशी दिसली?"

"पासवर्ड टाकून आत गेलेल्या माणसाला गाउ तयार प्रत देत नाही. त्याला नेहमी ताजं पान. मास्तर आत होते. तू बाहेर होतास."

येल्मरने हळूहळू मान हलवली. माझ्याही डोक्यात प्रकाश पडला होता, आणि मला तर टीव्हीचा रिमोट कळत नाही.

मग निन्के बोलली. "हे सगळं वेळ वाचवायला."

"हो."

"किती वाचतो?"

"एका माणसाचे दोन-तीन सेकंद," हिस्के म्हणाली.

निन्केने येल्मरच्या हातांकडे बघितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मास्तर अजून उभेच होते. कोणी त्यांना बसा म्हणालं नव्हतं. ते म्हणाले, "हिस्के, तुला हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी. दुपारी."

"त्याच दिवशी."

"मला खात्री करून घ्यायची होती, मास्तर. मग मला भीती वाटली. मग रोज वाटायचं उद्या सांगू."

मास्तरांनी कोट घातला, एकेक बटण लावलं आणि गेले. दार लावतानासुद्धा आवाज केला नाही. चिटणीस म्हणून त्यांच्याकडे असलेली क्लबची चावी दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातीने आणून दिली.

त्या सभेनंतर मला वाटलं होतं, हिस्के हे सगळं सोडून देईल. विब्रेनलाही तसंच वाटलं. एका सकाळी हॉलमध्ये तो तिला म्हणाला, त्याच्या त्या तुटक, पुटपुटत्या आवाजात, "बंद कर ना ते. काढून टाक."

"बाबा, काढता येत नाही."

"तूच बनवलंस ना?"

"मी इंटरनेटवरून काढून घेतलं तर नवीन कोणाला मिळणार नाही, एवढंच. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे ते तसंच राहील, दोषासकट. दवाखाने आहेत त्यात. कुठेतरी एखादा डॉक्टर अशीच वेगळी पाटी बदलत असेल आणि लोकांना कालची दिसत असेल. दोष काढायचा तर मला नवा गाउ पाठवावा लागेल. तो सगळीकडे आपोआप जातो. त्यात माझी नवी चूक झाली तर तीसुद्धा सगळीकडे आपोआप जाईल."

विब्रेनने मान खिडकीकडे वळवली. "म्हणजे सुटका नाही," तो म्हणाला.

"नाही."

हे ओझं उतरवून टाकायची एक संधी आलीही. शहरातून एक गृहस्थ आला, चांगला कोट, बोलायला गोड. त्याच्या कंपनीला गाउ अख्खाच हवा होता, नावासकट, वापरणाऱ्यांसकट. तो माझ्या टेबलावर बसून संत्र्याचा केक खात होता आणि म्हणत होता, "तुम्ही थकला आहात, दिसतंय. आम्ही बघू ना पुढचं. तुम्ही बाबांकडे लक्ष द्या."

हिस्के म्हणाली, "तुम्ही त्यात काय घालणार?"

"विशेष काही नाही. कोण कुठलं पान बघतं याची थोडी माहिती. सगळेच घेतात."

"आणि वापरणाऱ्यांना सांगणार?"

"नियमांत कुठेतरी लिहिलेलं असेलच."

ती उठली आणि त्याचा कोट आणून त्याच्या हातात दिला. तो गेल्यावर मात्र ती माझ्या स्वयंपाकघरात आली, सिंकला टेकून उभी राहिली आणि रडली. "मी हो म्हणायला हवं होतं, गेस्के," म्हणाली. "एकदा हो म्हटलं असतं की झालं असतं." मी तिला टॉवेल दिला.

येल्मर घरी बसून होता. बोटांना गरम-गार कळत नाही, पकड नाही, अशा माणसाच्या हाती टँकर कोण देणार? निन्के कामाला जायची आणि तो रिकाम्या घरात भिंतींकडे बघायचा. एका गुरुवारी तो हॉलवर आला. मला वाटलं कॉफीला आला असेल. तो सरळ हिस्केच्या टेबलाशी गेला.

"दुरुस्त केलंस?"

"करतेय. पाठवायची हिंमत होत नाही."

"ते लोक, ज्यांच्याकडे हे आहे, त्यांना माहीत आहे का ते शिळं पान दाखवतं?"

हिस्केने लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. गाउची माहिती देणारं पान होतं. त्याने वाचलं, ओठ हलवत. "यातलं मला एक वाक्य कळलं," तो म्हणाला. "ते म्हणजे 'फुकट आहे'. मला सभेत सांगितलंस तसं का नाही लिहिलंस?"

"तसं कोणी लिहीत नाही."

"म्हणूनच तर."

त्यानंतर तो दर गुरुवारी यायला लागला. ती लिहायची, तो वाचायचा. "हे नाही कळलं." ती खोडायची, पुन्हा लिहायची. "हे कळलं, पण तू काहीतरी लपवतेयस असं वाटतं." पुन्हा खोडायची. कधीकधी दोघं चिडायचे. एकदा ती म्हणाली, "येल्मर, तू मुद्दाम न कळल्याचं सोंग करतोयस." तो म्हणाला, "मी बर्फाखाली होतो तेव्हा मला सगळं स्वच्छ दिसत होतं, हिस्के. कळत मात्र काही नव्हतं. दोन्हींतला फरक मला चांगला माहीत आहे." ती पुन्हा लिहायला लागली.

शेवटी जे पान तयार झालं ते छोटं होतं. मला त्यातलं बरंचसं पाठ आहे, कारण ते मी इतक्यांदा ऐकलं:

'गाउ तुमची वेबसाइट लवकर उघडतो. तो तुमच्या पानांच्या प्रती काढून ठेवतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीच प्रत देतो. तो फोटो हलके करतो, आणि जे लगेच दिसणार नाही ते नंतर पाठवतो. यामुळे पान जुनं असू शकतं. पानात बदल केलात तर गाउला कळतं. पानाबाहेरून येणारी गोष्ट बदललीत, म्हणजे वेळा, भाव, धोक्याची सूचना, तर तुम्ही सांगितल्याशिवाय गाउला कळत नाही. जी गोष्ट जुनी असल्यास कोणाला इजा होऊ शकते, ती गाउकडे देऊ नका. तुम्ही स्वतः आत असता तेव्हा तुम्हाला नेहमी ताजं पान दिसतं. म्हणून बाहेर या, दुसऱ्या फोनवरून बघा. तुमच्या लोकांना काय दिसतंय ते तेव्हाच कळेल.'

शेवटची दोन वाक्यं येल्मरची.

नवा गाउ तिने एका मंगळवारी सकाळी पाठवला. येल्मर मुद्दाम आला होता. विब्रेनलाही टेबलाशी आणून बसवला होता. तिने बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवून बसली, दाताच्या डॉक्टरकडे बसतात तशी. काही दुकानांची पानं वाकडीतिकडी दिसायला लागली, आरडाओरडा झाला, तिने संध्याकाळपर्यंत ते निस्तरलं. मोठं काही कोसळलं नाही. पण काही वेबसाइट आता पूर्वीपेक्षा हळू उघडायला लागल्या होत्या, कारण नवा गाउ शंका आली तर प्रत देतच नव्हता. लोक चिडले. 'वेगासाठी घेतला होता, सावधगिरीसाठी नाही,' असं एकाने लिहिलं. बरेच जण सोडूनही गेले. हिस्केला त्याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. असं तीच म्हणाली.

ते साधं पान वाचून दूर दक्षिणेतल्या पोर्तो शहरातून इनेश नावाच्या बाईने लिहिलं. ती तिकडे शाळांच्या वेबसाइट सांभाळायची. तिचं म्हणणं होतं, इतकी वर्षं मी हे वापरतेय, आज पहिल्यांदा कळलं की मी काय वापरतेय. शेवटी विचारलं होतं, मदत हवी आहे का? हिस्केने उत्तर द्यायला महिना लावला. तिला वाटलं हीसुद्धा कोटवाल्यासारखीच. मग दोघींचं पडद्यावर बोलणं सुरू झालं, आणि हळूहळू हिस्केने तिला अर्धी कामं दिली. पूर्ण विश्वास टाकायला आणखी बराच काळ गेला. इनेशने काही केलं की हिस्के ते मागून तपासायची. इनेशला ते कळायचं, आणि ती हसून सोडून द्यायची.

येल्मरला पुढे दुधाच्या कारखान्याने फोनवर नोंद घेण्याचं काम दिलं. तो म्हणतो, दिवसभर खुर्चीत बसून पाय आखडतात. निन्के हिस्केशी बोलते, पण नमस्कारापुरतं. मास्तर तेवढंही नाही. रस्त्यात समोरून आली तर ते टोपीला हात लावतात, सगळ्यांना लावतात तसा, आणि पुढे जातात.

पुढच्या शरद ऋतूत विब्रेन गेला. झोपेतच गेला, त्याला त्रास झाला नाही. मयतीला माझा हॉल भरला. मास्तरही आले होते. रांगेत उभे राहून त्यांनी हिस्केचा हात हातात घेतला, म्हणाले, "तुझा बाप चांगला माणूस होता," आणि हात सोडला. ती त्यांना काहीतरी सांगायला गेली. पण मागचा माणूस पुढे सरकला होता.

आता ती जाईल, असं सगळे धरून चालले होते. घर विकेल, उट्रेख्टला जाईल. बेकरीत तर घराला गिऱ्हाईकंही ठरली होती. मी तिला म्हटलं, "जा गं आता. कोण अडवतंय?" ती म्हणाली, "कोणीच नाही." आणि नॉर्वेला डोंगरात फिरायला गेली, दोन आठवड्यांसाठी. लॅपटॉप माझ्या कपाटात ठेवून गेली.

चौथ्या दिवशी परत आली.

"काय झालं? बिघडलं का काही?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "काहीच बिघडलं नाही. फोन एकदाही वाजला नाही. इनेशने सगळं बघितलं." ती खुर्चीवर बसली, पाठीवरची पिशवी न काढताच. "पण मी डोंगरावर उभी राहून सारखी फोनच बघत होते, गेस्के. गाउच्या पानात आपण लोकांना सांगितलंय ना, बाहेरून बघा. मीही एकेकाची वेबसाइट बाहेरून बघतच होते. झोपच लागेना."

मी तिला कॉफी दिली. तिने लॅपटॉप मागितला नाही, आणि मीही आणला नाही. दुपारी पत्त्यांचा डाव होता. मी खुर्च्या मांडायला लागले, तर ती उठली, पिशवी कोपऱ्यात टाकली आणि पलीकडच्या टोकापासून खुर्च्या लावायला घेतल्या.